दोरीची दोन टोके : आकाशात दुसऱ्याला ओढून नेण्याचा अधिकार कोणाला?

१/ २०२५च्या फेब्रुवारीत एक चित्रफीत देशभर पसरली. वाई परिसरातील एक महाविद्यालयीन विद्यार्थी पाचगणीत होता, परीक्षेला काही मिनिटे उरली होती आणि पसरणी घाटातली वाहने ओलांडून वेळेत पोहोचणे अशक्य होते. तेव्हा एका प्रशिक्षकाने त्याला पॅराग्लायडरला बांधले आणि दोघे कड्यावरून थेट खोऱ्यात उतरले. पाठीवर दप्तर, पायांखाली कृष्णेचे खोरे. सर्वांनी त्या मुलाचे कौतुक केले. आपण मात्र आज त्याच्या मागे बसलेल्या माणसाविषयी बोलणार आहोत.

२/ प्रश्न साधा आहे. स्वतः उडणे ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याचा जीव आपल्या हाती घेऊन उडणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीसाठी परवाना कोणी द्यावा, कोणत्या कसोटीवर द्यावा? विमानविद्येच्या इतिहासात हा प्रश्न सर्वांत नेमकेपणाने विचारला गेला तो एका दोरीमुळे. हलक्या विमानाच्या शेपटीला बांधलेली दोरी, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला हँग ग्लायडरला लटकलेला माणूस. आजचा धागा त्या दोरीचा आहे.

३/ आधी यंत्रांची ओळख करून घेऊ. पॅराग्लायडर म्हणजे केवळ कापड आणि दोऱ्या. घडी घालून पाठीवर मावतो. हँग ग्लायडरला ॲल्युमिनिअमच्या नळ्यांचा सांगाडा असतो, त्यावर ताणलेले त्रिकोणी पंख असतात, आणि वैमानिक पोटावर आडवा लटकून पुढचा दांडा मागेपुढे सारत दिशा व वेग सांभाळतो. ग्लायडर म्हणजे बंदिस्त आसन असलेले, लांब पंखांचे बिनइंजिनाचे विमान. तिघांनाही इंजिन नाही, म्हणून तिघांचीही पहिली अडचण एकच : जमिनीवरून उंची गाठायची कशी?

४/ सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात या प्रश्नाचे उत्तर सह्याद्रीनेच देऊन ठेवले आहे. पाचगणीच्या पठाराची कड, समोर खोल दरी, आणि उन्हाने तापलेल्या उतारावरून वर चढणारा वारा. चार पावले धावा, पंख उचलला जातो. हीच कृष्णा वाई आणि कराड मागे टाकून सांगलीकडे पोहोचते, तेव्हा तिच्या काठी काळी सपाट रानेच रान दिसतात. तिथे धावायला जागा भरपूर आहे, पण उडी घ्यायला कडा नाही. सपाटीवरच्या माणसाला उडायचे तर कोणीतरी ओढावे लागते.

५/ म्हणूनच ओढण्याची विद्या जगभर सपाटीवरच्या माणसांनी वाढवली. ऑस्ट्रेलियातील ग्राफ्टन हे क्लॅरन्स नदीकाठचे गाव. तिथल्या वॉटर स्की क्लबला जॅकरांडा उत्सवासाठी काही नवे दाखवायचे होते. जॉन डिकन्सन यांनी १९६३ साली एक पंख तयार केला. अमेरिकेतील फ्रान्सिस व गर्ट्रूड रोगॅलो या दांपत्याच्या मऊ पंखाच्या कल्पनेला त्यांनी नियंत्रणाच्या त्रिकोणी दांड्याची जोड दिली. कापड म्हणून वापरले ते केळीच्या घडांवर घालायचे प्लॅस्टिक. हा पंख नदीत मोटारबोटीच्या मागे दोरीने ओढला गेला आणि उडाला.

६/ येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आज डोंगरावरून झेपावणारा म्हणून ओळखला जाणारा आधुनिक हँग ग्लायडर जन्माला आला तो दोरीच्या टोकाला. कड्यावरची उडी नंतर आली. त्यामुळे 'ओढणारा' आणि 'उडणारा' ही जोडी या खेळाच्या मुळातच आहे. मात्र पाण्यावर दोर सुटला तर माणूस भिजतो. जमिनीवर शेकडो फूट उंचीवर सुटला तर काय होते, हे युद्धाने वीस वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते, आणि तेही भारताच्या भूमीवरून.

७/ ५ मार्च १९४४ची रात्र, आसाममधील लालाघाट. जनरल विंगेट यांच्या चिंडिट सैनिकांना ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे उतरवायचे होते. डकोटा विमानांच्या मागे वॅको ग्लायडर बांधले गेले, आणि तेही एकेका विमानामागे दोन-दोन. ग्लायडरमध्ये माणसे होती, खेचरे आणि धावपट्टी तयार करण्याची यंत्रे होती. ओझे ठरवल्यापेक्षा जास्त झाले होते.

८/ सांगली-सातारा भागात ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या आपण रोज पाहतो. वळणावर, चढावर, अचानक दाबलेल्या ब्रेकवर मागची ट्रॉली पुढच्याला कशी हिसका देते, हे त्या चालकालाच ठाऊक. हाच हिसका रात्रीच्या अंधारात, डोंगरांवरून, हवेच्या खळबळीत बसला. अनेक दोर तुटले. काही ग्लायडर चिंडविन नदीच्या अलीकडे, काही पलीकडे भलत्याच ठिकाणी उतरले. अनेकांचे प्राण गेले. मोहीम पुढे गेली, पण दोरीचा धडा मागे राहिला : ओढणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीची किंमत मागचा मोजतो.

९/ आता कायद्याकडे वळू. वैमानिकाला परवाना हवा, ही कल्पना तशी जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हवाई करार झाला. विमानाचा प्रमुख, वैमानिक, यंत्रज्ञ यांच्याकडे पात्रतेचे प्रमाणपत्र आणि परवाना असलाच पाहिजे, असे त्यात ठरले. भारतातही उड्डाणाविषयीचा पहिला कायदा त्याआधीच, म्हणजे १९११ साली आला होता; आणि अलाहाबादला विमानातून टपाल गेले तेही त्याच वर्षी.

१०/ १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळाले. 'एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा' या संस्थेने आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाच्या वतीने ते दिले आणि त्यावरचा क्रमांक होता १. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले. पहिल्या प्रमाणपत्रावर सही होती एका क्लबची. हा माणूस विमान चालवू शकतो, एवढेच ते प्रमाणपत्र सांगत होते.

११/ मग आला १९३४चा भारतीय विमान कायदा आणि त्याखालचे १९३७चे नियम. या कायद्यातील 'विमान' या शब्दाची व्याख्या वाचून आजही हसू येते आणि आश्चर्यही वाटते. हवेच्या प्रतिक्रियेमुळे वातावरणात आधार मिळवू शकणारे कोणतेही यंत्र म्हणजे विमान. त्यात फुगे, हवाई जहाजे, ग्लायडर आणि चक्क पतंगही आले! डिकन्सन यांचा पंख उडाला त्याच्या एकोणतीस वर्षे आधीच आपल्या कायद्याने त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती. कारण हँग ग्लायडर हा मुळात पतंगच. फक्त मांजा धरणारा माणूस खाली उभा न राहता पतंगालाच लटकतो.

१२/ व्याख्येत सारे एकत्र असले तरी परवाने मात्र वेगवेगळे झाले. विमानाचा वेगळा, ग्लायडरचा वेगळा, बलूनचा वेगळा. १९४४च्या शिकागो करारानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने याच पद्धतीचे जागतिक मानक केले. ग्लायडरच्या परवान्यासाठी किमान वय १६ वर्षे, खाजगी विमान वैमानिकासाठी १७. आपल्याकडे खाजगी वैमानिकाला किमान ४० तासांचे उड्डाण लागते. शेतकऱ्याला बैलगाडी, दुचाकी आणि ट्रॅक्टर ही तीन वेगळी कौशल्ये आहेत हे सांगावे लागत नाही; कायद्यालाही तेच कळले होते.

१३/ आपल्या महाराष्ट्रात या ग्लायडर परंपरेचे घर म्हणजे पुण्याजवळचे हडपसर. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र तिथे आहे. साताऱ्याहून पुण्याला जाताना फार वाकडी वाट करावी लागत नाही. तिथे ग्लायडरला वर खेचते ते विंच : मैदानाच्या टोकाला इंजिनावर फिरणारा मोठा रहाट, त्यावर गुंडाळली जाणारी लांब तार. विहिरीच्या मोटेसारखेच तत्त्व. फक्त पाण्याऐवजी माणूस वर येतो.

१४/ याच काळात दिल्लीत सफदरजंग येथील सरकारी तांत्रिक केंद्राने स्वदेशी ग्लायडर घडवले. त्यांची नावे ऐका : अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. क्रमाने नक्षत्रेच! 'कार्तिक' १९६३ साली उडाला, म्हणजे ग्राफ्टनच्या नदीवर तो प्लॅस्टिकचा पंख उडाला त्याच वर्षी. मृग निघाला की पेरणीकडे पाहणाऱ्या आपल्या भागातील माणसाला ही नावे जवळची वाटावीत. एकीकडे सरकारी केंद्रात मोजमापाने बनलेला ग्लायडर, दुसरीकडे गावच्या जत्रेसाठी बनवलेला पंख. नियमांची गाठ पुढे याच दुसऱ्या जातीशी पडायची होती.

१५/ गाठ कशी पडली ते नीट पाहू, कारण संपूर्ण विषयाचे मर्म येथे आहे. ग्लायडरला नेहमीचे छोटे विमान ओढू शकते. हँग ग्लायडरचे तसे नाही. तो अतिशय सावकाश उडतो, आणि जास्त वेगाने ओढला तर त्याला आवरणे कठीण होते. साधे चार आसनी विमान मात्र इतक्या कमी वेगात हवेत तरूच शकत नाही. म्हणजे हँग ग्लायडर ओढायला तितकेच सावकाश उडणारे, अतिहलके विमान हवे. १९९०च्या सुमारास फ्लॉरिडाच्या सपाट प्रदेशात खास या कामासाठी 'ड्रॅगनफ्लाय' नावाचे विमान तयार झाले आणि खेळाचे रूपच पालटले.

१६/ पण अमेरिकेच्या कायद्यात अतिहलके विमान हे वेगळेच प्रकरण होते. १९८२च्या नियमानुसार सुमारे ११५ किलोपेक्षा हलके, एकाच माणसाचे इंजिनयुक्त यंत्र, किंवा सुमारे ७० किलोपेक्षा हलके बिनइंजिनाचे यंत्र मौजेसाठी उडवायला वैमानिकाचा परवानाच लागत नसे. विचार असा की, जोखीम घेतो तो स्वतःचीच घेतो. आता या विचाराला दोर बांधून पाहा. ओढणारा अतिहलक्या विमानात, ओढला जाणारा हँग ग्लायडरवर. कागदोपत्री दोघेही एकटेच. प्रत्यक्षात मात्र एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात!

१७/ सुरुवातीला अमेरिकी प्रशासनाने हँग ग्लायडिंगच्या राष्ट्रीय संघटनेला खास सूट देऊन हा पेच निभावून नेला. संघटनेने स्वतःच्या शिस्तीने ओढणारे तयार करायचे. १९२९च्या आपल्या क्लबच्या सहीची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था. पुढे १ सप्टेंबर २००४ पासून हलक्या क्रीडा विमानांचे नवे नियम लागू झाले, आणि 'बिनइंजिनाचे अतिहलके यंत्र ओढणे' हे काम प्रथमच वैमानिक परवान्याच्या चौकटीत नाव घेऊन नोंदले गेले.

१८/ त्या नियमाने काय मागितले? नव्याने निर्माण झालेला 'क्रीडा वैमानिक' हा सोपा परवाना ओढण्याच्या कामाला पुरेसा मानला नाही. किमान खाजगी वैमानिक हवा. त्या प्रकारच्या विमानात प्रमुख म्हणून किमान १०० तास हवेत. वेगमर्यादा, खुणा, वळताना किती कलायचे, आणीबाणीत काय करायचे, याचे प्रशिक्षण झाल्याची प्रशिक्षकाची नोंद हवी. अनुभवी माणसाला सोबत घेऊन किमान तीन वेळा ओढून, किंवा ओढण्याचा सराव करून दाखवायला हवे.

१९/ आणि मग येते ते कलम, ज्यासाठी हा धागा लिहावासा वाटला. ही पात्रता टिकवण्यासाठी मागील २४ महिन्यांत पुन्हा तीन वेळा ओढून दाखवायचे; किंवा दुसरा मार्ग म्हणजे स्वतः ग्लायडरमध्ये अथवा हँग ग्लायडरवर बसून तीन वेळा ओढले जायचे. म्हणजे कायदा ओढणाऱ्याला सांगतो : दोरीच्या त्या टोकाला काय वाटते, ते तुझ्या अंगाला ठाऊक असू दे. परवान्याच्या रुक्ष भाषेत सहानुभूतीची अट इतक्या नेमकेपणाने क्वचितच लिहिली गेली असेल.

२०/ दोरीविषयीही असाच शहाणपणाचा नियम आहे. दोर जितका मजबूत तितका बरा, असे आपल्याला वाटते. नियम उलट सांगतो. दोर तुटण्याची मर्यादा ग्लायडरच्या कमाल वजनाच्या ८० टक्क्यांहून कमी नको आणि दुपटीहून जास्तही नको. दोर त्याहून मजबूत असेल तर त्यात मुद्दाम कच्चा दुवा जोडायचा. कारण मागचा भलतीकडे गेला तर दोराने वेळेवर तुटावे आणि दोघांनाही सोडवावे. लालाघाटला दोर तुटले म्हणून माणसे गेली. दोर तुटलाच नाही म्हणूनही माणसे जाऊ शकतात. कुठे धरायचे आणि कुठे सोडायचे, हे अंकांत मांडणे म्हणजेच नियम करणे.

२१/ आपल्याकडे परत येऊ. विमान दुसऱ्या विमानाला किंवा वस्तूला ओढू शकते ते संबंधित प्राधिकरणाने घालून दिलेल्या अटींनुसारच, हे आंतरराष्ट्रीय हवाई नियमांचे तत्त्व आहे, आणि भारत शिकागो कराराचा आरंभापासूनचा सदस्य आहे. थोडक्यात, आकाशात जायला तीन वेगळ्या गोष्टी लागतात : माणसाची पात्रता, यंत्राची नोंद आणि त्या विशिष्ट कृतीची मुभा. एक असली म्हणजे बाकीच्या दोन आपोआप मिळतात, असा समज करून घेऊ नये.

२२/ हे किती अवघड असते याचे उदाहरण सातारा जिल्ह्याशीच जोडलेले आहे. मूळचे या जिल्ह्यातील कॅप्टन अमोल यादव हे व्यावसायिक वैमानिक. माणसाची पात्रता त्यांच्याकडे निर्विवाद होती. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. पण यंत्राची नोंद व्हायला २०१७चा नोव्हेंबर उजाडला. परवानाधारक हात आणि परवानाधारक यंत्र यांच्यामध्ये वर्षानुवर्षांची कागदपत्रे असतात. त्या विलंबाचा राग येणे स्वाभाविक आहे. त्या कागदांची गरजच नाही असे मानणे मात्र चूक आहे.

२३/ कड्यावरच्या उड्डाणांसाठी महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यात जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरील उपक्रम येतात, आणि आयोजकांची नोंदणी ही त्याची मध्यवर्ती कल्पना आहे. पाचगणीत पर्यटकाला पाठीशी घेऊन उडणारा प्रशिक्षक म्हणजे दोरीविना ओढणाराच. पुढे बसलेला प्रवासी दोन मिनिटांत त्याच्यावर विश्वास टाकतो. हा विश्वास चेहऱ्यावर टाकावा की नोंदीवर, हे ठरवण्यासाठीच तर १९१९पासूनची ही सारी धडपड आहे.

२४/ म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी पाचगणीला गेलात आणि उडावेसे वाटले, तर तीन प्रश्न नक्की विचारा. तुम्ही किती वर्षे, किती उड्डाणे केली आहेत? तुमची नोंदणी कुठे आहे? वारा बिघडला तर उड्डाण रद्द करण्याचा निर्णय कोण घेतो? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. उलट तिसऱ्या प्रश्नाला तो सर्वांत आनंदाने उत्तर देतो, कारण 'आज नाही' म्हणता येणे हीच त्याच्या विद्येची खरी परीक्षा असते.

२५/ कराडला कोयना प्रकल्पाच्या काळातली धावपट्टी आहे. सांगलीजवळ कवलापूरची जुनी धावपट्टी कित्येक वर्षे विमानाची वाट पाहते आहे. उद्या या सपाटीवर कोणी तरुण पंख घेऊन उभा राहिला आणि समोर एखादे हलके विमान दोर घेऊन आले, तर यंत्र कोणते, इंजिन किती शक्तीचे, हे प्रश्न सर्वजण विचारतील. या इतिहासाने शिकवलेला प्रश्न वेगळा आहे : पुढच्या आसनावर बसलेला माणूस कधी मागच्या टोकाला लटकला आहे का?

२६/ धागा येथे संपतो. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी कराडच्या किंवा कवलापूरच्या धावपट्टीवर उतरलेले विमान पाहिले असेल, हडपसरला ग्लायडर उडवला असेल, तर ती आठवण खाली अवश्य लिहा. वर्ष आठवत असेल तर वर्षासह लिहा. अशा आठवणी लिहून ठेवल्या नाहीत, तर त्या माणसांबरोबरच जातात.